कार्टून आहे, पण आपल्या मुलाला झेपेल का?

अ‍ॅनिमेशन ही सिनेमा बनवायची पद्धत आहे, वयोगट नव्हे. १९८८ साली जपानमध्ये एकाच स्टुडिओचे दोन अ‍ॅनिमेशनपट जोडीने प्रदर्शित झाले होते. ‘माय नेबर तोतोरो’ चार-पाच वर्षांची बहुतेक मुलं आनंदाने बघतात. त्याच्या जोडीला असलेल्या ‘ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज’मध्ये युद्धाच्या काळात दोन भावंडं उपासमारीने मरतात. दोन्ही चित्रं हातानेच काढलेली! ‘फॅमिली’ हा शब्द तर जाहिरातवाल्यांचा. मोठ्यांनाही कंटाळा येणार नाही, एवढंच तो सांगतो.

सुरुवात प्रमाणपत्रापासून करावी, पण तिथे थांबू नये. भारतात २०२४पासून यूए प्रमाणपत्राचे ७+, १३+ आणि १६+ असे तीन भाग झाले आहेत. यूए ७+ म्हणजे सातपेक्षा लहान मुलांना बंदी नव्हे. दाखवायचा की नाही, हे पालकांवर सोडलेलं असतं. ब्रिटनमध्ये ‘यू’ देताना साधारण चार वर्षं आणि त्यापुढचं मूल डोळ्यांसमोर असतं, ‘पीजी’ म्हणजे ‘पालकांच्या मार्गदर्शनाने’ देताना आठच्या आसपासचं. म्हणजे तिथल्या ‘सर्वांसाठी’ या शिक्क्यातही अडीच वर्षांचं लेकरू धरलेलंच नाही. जुन्या सिनेमाचा शिक्का तर जुन्या नजरेचा असतो. सशांच्या कळपाची कथा सांगणारा १९७८चा ‘वॉटरशिप डाउन’ ब्रिटनमध्ये कित्येक दशकं ‘यू’ होता. अलीकडे तो ‘पीजी’ झाला. सिनेमा तोच, निकष बदलले.

भीती कुठून येते

तीनच्या आतलं मूल कथेला घाबरत नाही. ते अचानक आलेल्या आवाजाला, अंधाराला, पडदाभर झालेल्या चेहऱ्याला दचकतं. तीन ते सहा या वयात दिसणं हेच सर्वस्व असतं. कुरूप पण प्रेमळ राक्षस त्यांना भयंकर वाटतो आणि गोड चेहऱ्याचा खलनायक चालून जातो. ओळखीचा चेहरा डोळ्यांदेखत बदलून भलतंच काही होतं, असं रूपांतराचं दृश्य या वयाला फार लागतं. तेच पात्र आतून चांगलं आहे, हे समजावून उपयोग होत नाही, कारण आत-बाहेर हा भेदच अजून पक्का झालेला नसतो. सातनंतर राक्षस मागे पडतात. मग आग, चोर, आजारपण, आईबाबांना काही होणं, म्हणजे जे खरंच घडू शकतं ते सतावू लागतं.

नेमकं हेच अ‍ॅनिमेशनपटांत भरपूर असतं. ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये २०१४ साली आलेल्या एका अभ्यासात, मोठ्यांच्या नाट्यमय चित्रपटांपेक्षा मुलांच्या अ‍ॅनिमेशनपटांत महत्त्वाच्या पात्राच्या मृत्यूचा धोका सुमारे अडीच पट आढळला होता.

आधी स्वतः पाहणं

ट्रेलरवर विसंबू नका. त्यात विनोद भरलेले असतात, हुंदके नसतात. शेवटापर्यंतचं कथानक वाचून घ्या. शेवट कळला तर कळला, आपल्याला परीक्षा करायची आहे. मग वेळ असेल तर पूर्ण सिनेमा दीडपट वेगाने पाहा. नसेल तर नव्वद मिनिटांच्या सिनेमातली तीन ठिकाणं चुकवू नका: पहिली दहा-बारा मिनिटं, साठ ते पंचाहत्तरच्या दरम्यानचा भाग आणि शेवटची पंधरा मिनिटं. आई किंवा वडील जाण्याचा प्रसंग पुष्कळदा सुरुवातीलाच उरकलेला असतो. ‘फाइंडिंग निमो’मध्ये तर शीर्षक येण्याआधीच आई गेलेली असते. पाऊण सिनेमा झाल्यावर नायक एकटा पडतो, मित्र रुसतात, कुणीतरी मेल्यासारखं वाटतं. सर्वात मोठा गोंगाट शेवटच्या झुंजीत.

खटकलेल्या प्रत्येक प्रसंगाची वेळ टिपा आणि पुढे तीन गोष्टी लिहा: भीती किती सेकंद टिकली, तेव्हा पात्राजवळ कुणी मोठं किंवा मित्र होता का, आणि सुटका पडद्यावर दिसली का. निर्णय या टिपणावर घ्यायचा. भीतीचा प्रसंग असणं हा दोष नाही; वीस सेकंदांचा पाठलाग आणि लगेच हशा, हे चार वर्षांचं मूल मजेत पचवतं. मिनिटभराहून लांबलेला, अंधारातला, एकट्या पिल्लाचा पाठलाग मात्र त्या वयाला आम्ही सुचवणार नाही, मग प्रमाणपत्र काहीही असो.

एक साधी युक्ती: शंकास्पद प्रसंग एकदा आवाज बंद करून पाहा, एकदा पडद्याकडे पाठ करून नुसता ऐका. भीती चित्रात आहे की संगीतात, ते लगेच कळतं. संगीतात असेल तर घरी आवाज कमी करून काम भागतं. चित्रात असेल तर तेवढा भाग पुढे पळवून टाळावा लागेल. डब केलेली आवृत्ती दाखवणार असाल तर तीच ऐका, कारण डबिंगमध्ये विनोद बदलतात आणि खलनायकाचा आवाज कधीकधी मुळापेक्षा कर्कश लागतो. सबटायटलचा तर वाचता न येणाऱ्याला काहीच उपयोग नाही.

भीतीच्या नादात दुसरी बाजू निसटते. पात्र खिडकीतून उडी मारतं, फ्रिजमध्ये लपतं, गळ्याला दोरी गुंडाळतं आणि त्याला काहीच होत नाही. घरी करून बघण्याजोगं असं काही दिसलं तर ते राक्षसापेक्षा गंभीर समजा. जाड्या मित्राच्या खाण्यावर सतत हसणं, तोतरं बोलण्याची नक्कल हेही टिपा. मुलं संवाद उचलतात, शेवटी मिळालेली शिकवण नाही.

वेगाने लुकलुकणारा प्रकाश वेगळा तपासावा. १६ डिसेंबर १९९७ रोजी जपानमध्ये एका कार्टून मालिकेत लाल-निळा प्रकाश सेकंदाला सुमारे बारा वेळा लुकलुकला आणि सहाशेहून अधिक जणांना रुग्णालयात न्यावं लागलं. त्यात बहुतेक मुलंच होती. मुलाला आकडीचा इतिहास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

लांबीचंही गणित आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९च्या सूचनांनुसार दोन ते चार वर्षांच्या मुलांना बसून स्क्रीन पाहण्यासाठी दिवसाला एक तास ही कमाल मर्यादा आहे, कमी असेल तर उत्तमच. तेव्हा नव्वद मिनिटांचा सिनेमा दोन दिवसांत वाटा, आणि तोडताना सुखाच्या प्रसंगावर तोडा.

पाहताना

दिवसा, दिवा लावून, मुलाला खेटून बसा. झोपायच्या आधी नको. कानांवर हात, एकाएकी शू लागणं, ‘तो मेला का?’ हा प्रश्न पुन्हापुन्हा, किंवा बडबड्या मुलाचं गप्प होणं, या खुणा रडण्याच्या आधी येतात. ‘अगं, हे खोटं असतं’ हे सातच्या आत फारसं चालत नाही. कुशीत घेणं, हातात आवडतं पांघरूण देणं चालतं. त्याहून मोठ्यांना मात्र चित्रं कशी काढतात, आवाज कोण देतं, हे सांगितलं की धीर येतो.

सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे मूल घाबरलं की तिथेच टीव्ही बंद करणं. मग डोक्यात राक्षसच राहतो. शक्य असेल तर पुढे ढकलून सुटकेच्या प्रसंगावर या, तो दाखवा आणि मग बंद करा. मूल बघायलाच तयार नसेल तर शेवट तोंडी सांगा: पिल्लू घरी पोचतं, आई भेटते.

थिएटरमध्ये ही सोय नसते. तिथे मागच्या रांगेतली, कडेची जागा घ्या, कानांवर आवाज कमी करणारे इअरमफ ठेवा आणि थ्रीडीऐवजी टूडी खेळ निवडा. ते चष्मे लहान चेहऱ्यावर टिकत नाहीत. आधी लागणारे दुसऱ्या सिनेमांचे ट्रेलर कधीकधी मूळ सिनेमापेक्षा भीतीदायक असतात, म्हणून ते संपेपर्यंत बाहेरच थांबलेलं बरं.