एनएलपीचा कोर्स निवडताना पैसे भरण्याआधी

एनएलपी म्हणजे न्यूरो-लिंग्विस्टिक प्रोग्रॅमिंग: भाषा आणि विचारांच्या सवयी बदलून वागणं बदलता येतं, असं मानणारी पद्धत. तिचं प्रमाणपत्र कोणीही देऊ शकतं, कारण या क्षेत्राला एकच सर्वमान्य नियामक संस्था नाही. १९७०च्या दशकात कॅलिफोर्नियात रिचर्ड बँडलर आणि जॉन ग्राइंडर यांनी हे सुरू केलं, पुढे शाखा फुटत गेल्या. त्यामुळे ‘आंतरराष्ट्रीय मान्यता’ हे शब्द दिसले की आधी विचारा: मान्यता कोणाची, आणि तिच्या अटी काय?

खरी मेख तासांत असते. काही जुन्या संघटना ‘प्रॅक्टिशनर’ या प्राथमिक प्रमाणपत्रासाठी १२० तासांच्या आसपास प्रशिक्षण मागतात. दोन दिवसांच्या शनिवार-रविवारात हे कसं बसवणार? वेळापत्रक मागा आणि त्यात सराव किती ते बघा. चांगल्या वर्गात तिघातिघांचे गट करतात: एक प्रश्न विचारतो, दुसरा उत्तर देतो, तिसरा नुसता निरीक्षण करून नोंदी घेतो, आणि प्रशिक्षक मधून येऊन चुका दाखवतो. वर्गात दोनशे माणसं आणि टाळ्या-संगीत असेल, तर तो इव्हेंट झाला.

प्रशिक्षकाला एक प्रश्न जरूर टाका: डोळ्यांच्या हालचालीवरून खोटं ओळखता येतं का? एनएलपीवाले अनेकदा तसा दावा करतात, पण २०१२च्या एका अभ्यासात त्याला आधार मिळाला नाही. ‘शंभर टक्के येतं’ म्हणणाऱ्याला लांबूनच नमस्कार.

नैराश्य, फोबिया बरे करायला शिकवू म्हणणाऱ्यांपासूनही सावध राहा. या प्रमाणपत्राने कोणी मानसोपचारतज्ज्ञ होत नाही. भारतात क्लिनिकल सायकॉलॉजिस्टला भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते.

आणि ‘आज रात्री बारापर्यंतच सवलत’ असेल, तर ती खुशाल जाऊ द्या.