सोलापुरात सेकंडहँड गाडी घेताय? इसार देण्याआधी हे बघा

गाडी कितीही आवडली तरी आधी आरसीवरचं नाव वाचा. विकणारा एक आणि नाव दुसऱ्याचंच, असं असेल तर मूळ मालक समोर आल्याशिवाय इसार देऊ नका. मधल्या व्यवहारात गाडी नावावर झालेलीच नसते. गाडी नावावर करायच्या कोऱ्या फॉर्म २९-३० वरच्या सह्या हातोहात फिरत असतात.

नंबर परिवहनच्या ‘वाहन’ संकेतस्थळावर टाका, चलानं वेगळी तपासा. बोजा, म्हणजे गाडीवरचं कर्ज दिसलं तर तो उतरवायचा फॉर्म ३५ आणि फायनान्सवाल्याची एनओसी, दोन्ही हातात घ्या. विजयपूर-कलबुर्गीकडची केए पासिंगची (कर्नाटकात नोंदलेली) गाडी स्वस्त वाटते, पण तिला तिकडच्या आरटीओची एनओसी लागते आणि इथला रोड टॅक्स भरावा लागतो. तो आकडा विचारूनच भाव करा.

गाडी सकाळी, इंजिन थंड असताना बघा. आधीच तापवून ठेवली असेल तर स्टार्टिंगचा त्रास लपतो. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ थर असेल तर ऑइलमध्ये पाणी जात असल्याची शंका घ्या. मग भर दुपारी एसी लावून पंधरा मिनिटं उभी ठेवा. सोलापूरच्या उन्हात रेडिएटर आणि फॅनचं खरं रूप तेव्हाच कळतं.

सप्टेंबर २०२५ मध्ये सीनेच्या पुरानं जिल्ह्यात हाहाकार केला, त्यामुळे पाण्यात बुडालेली गाडी ओळखता यायलाच हवी. सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढा. वरचा पट्टा धुतलेला असतो, आत गुंडाळलेल्या भागावर गाळाची रेघ राहते. मॅट उचला, सीटच्या रुळांवरचा गंज बघा.

राज्यातल्या राज्यात व्यवहार असेल तर विकणाऱ्यानं १४ दिवसांत आणि घेणाऱ्यानं ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. हे एजंटवर सोडून विसरू नका. विमाही १४ दिवसांत नावावर करा, नाहीतर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा क्लेम अडकतो. नो क्लेम बोनस मात्र जुन्या मालकाचा, तो भावात धरू नका.

डीलरकडून घेत असाल तर पक्कं बिल घ्याच आणि ‘अपघात नाही, पाण्यात गेलेली नाही, किलोमीटर खरे’ हे त्यावर लिहून घ्या. ते खोटं निघालं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर फोन करा, किंवा दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करा. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथं फी नाही. घरगुती विक्रेत्याविरुद्ध सहसा हा रस्ता मिळत नाही, दिवाणी कोर्टात जावं लागतं. म्हणून अशा विक्रेत्याकडून घेताना हीच वाक्यं, ताबा घेतल्याची तारीख-वेळ आणि साक्षीदारांच्या सह्या करारनाम्यात हव्यातच.