पीएफ कापला, पण भरला का? कंत्राटी कामगारांसाठी

पगाराच्या चिठ्ठीवर कपात दिसली म्हणजे पैसे जमा झाले, असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. चिठ्ठी कंत्राटदार छापतो. खरं काय ते पीएफचं पासबुक सांगतं.

यूएएन, म्हणजे तुमच्या पीएफ खात्याचा कायमचा क्रमांक, चालू करून त्याला मोबाईल आणि आधार जोडा. त्याच मोबाईलवरून ९९६६०४४४२५ वर मिस्ड कॉल द्या किंवा उमंग अ‍ॅपवर पासबुक उघडा. मूळ पगार आणि महागाई भत्त्याच्या १२ टक्के तुमचे, तेवढेच मालकाचे. मालकाच्या १२ पैकी ८.३३ टक्के पेन्शनकडे वळतात, म्हणून त्याचा आकडा कमी दिसतो. त्यात गडबड नाही. भरणा पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत व्हायला हवा.

नोंदीच नसतील तर खरी कसोटी पुढे. लोट्याचा केमिकल कारखाना असो की मिरकरवाड्याजवळची कोळंबी सोलायची शेड, उत्तर ठरलेलं: "तो आमचा माणूस नाही, कंत्राटदाराचा." या उत्तरापुढे मीही पूर्वी अडून बसायचो. कायद्यात ते टिकत नाही. कंत्राटदाराने भरलं नाही, तर ज्या कंपनीचं काम केलंत तिला भरावं लागतं. ती नंतर कंत्राटदाराकडून वसूल करो. म्हणून तक्रारीत दोघांचीही नावं घालाच. नुसत्या कंत्राटदाराचं नाव दिलंत आणि सीझन संपताच तो गायब झाला, की तक्रार लोंबकळते.

आता काम त्याच कंपनीचं होतं हे दाखवायचं. गेट पास, हजेरी कार्ड, बँकेतल्या पगाराच्या नोंदी, मुकादमाचे व्हॉट्सअ‍ॅपवरचे शिफ्टचे मेसेज, सगळ्याचे फोटो नोकरीत असतानाच काढा. काम सुटलं की गेट पास पहिल्यांदा काढून घेतात. पगार रोखीत असेल तर तारीखवार वहीत लिहा, सोबतच्या दोघांची नावं टाका. कोऱ्या व्हाउचरवर सही करू नका, मुकादम गाववाला असला तरी.

"सीझनच्या कामाला पीएफ नसतो" हेही खोटं. २० किंवा जास्त माणसं असलेल्या कारखान्यात, १५,००० रुपयांपर्यंतच्या पगाराला, आंबा कॅनिंगच्या हंगामातही पहिल्या दिवसापासून पीएफ लागू होतो.

तक्रार पीएफ कार्यालयाच्या ईपीएफआयजीएमएस या ऑनलाइन तक्रार पोर्टलवर करा, नोंदणी क्रमांक जपा. ऑनलाइन जमत नसेल तर दर महिन्याच्या २७ तारखेला जिल्ह्यात पीएफ कार्यालयाचं 'निधी आपके निकट' शिबिर भरतं, तिथे जा. मूळ कागद दाखवा, झेरॉक्स द्या आणि आपल्या प्रतीवर पोच घेतल्याशिवाय उठू नका.