असाइनमेंटमध्ये एआय वापरताय? या चुका टाळा

सबमिशनचा आठवडा आला की विद्यार्थी हमखास विचारतात, "सर, किती टक्के चालतं?" हा प्रश्न ऐकून ऐकून मी थकलोय, कारण बहुतेक चुका तिथूनच सुरू होतात.

दहा टक्क्यांपर्यंत साम्य चालतं, असं त्यांनी ऐकलेलं असतं. हे 'दहा टक्के' आलं कुठून, ते आधी समजून घ्या. वाङ्मयचौर्याबद्दलचे यूजीसीचे, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचे, नियम 2018 चे आहेत. साम्य 10 टक्क्यांपर्यंत असेल तर शिक्षा नाही, 60 च्या वर गेलं तर संशोधकाची नोंदणीच रद्द, अशी त्यांची उतरंड आहे. चॅटजीपीटी आलं नोव्हेंबर 2022 मध्ये. म्हणजे तो आकडा यंत्राने लिहिलेल्या मजकुरासाठी नाहीच. तुमची वाक्यं आधी छापलेल्या मजकुराशी किती जुळतात, एवढंच तो मोजतो. एआयने दिलेला परिच्छेद सहसा कुठून जसाच्या तसा उचललेला नसतो, म्हणून साम्य दोन टक्के येतं आणि विद्यार्थी निर्धास्त होतो. लिहिलं कोणी, हा प्रश्न तसाच उरतो.

दुसरी चूक मला सगळ्यात जास्त छळते: न वाचलेले संदर्भ.

सहकारी साखर कारखान्यांवर प्रोजेक्ट करणारा एक विद्यार्थी होता. मुलगा मेहनती. गावोगाव हिंडून ऊस उत्पादक सभासदांशी बोलला होता, टिपणं सुंदर होती. गाइडने "संदर्भ वाढव" म्हटलं आणि त्याने आदल्या रात्री एआयकडून यादी मागवली. व्हायव्हाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, बाहेरून आलेल्या परीक्षक बाईंनी शांतपणे यादी उघडली. त्यात सहकार चळवळीतले अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या नावावर 1984 सालचा एक लेख होता. गाडगीळ 1971 मध्ये गेले. मरणोत्तर छापला असेल म्हणून आम्ही ग्रंथालयातून त्या मासिकाचे त्या वर्षीचे अंक मागवले. लेख कुठेच नव्हता. मग बाईंनी सभासदांच्या मुलाखतींवरही शंका घेतली, आणि त्यांचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. खरं काम खोट्या यादीखाली गाडलं गेलं. पूर्ण प्रोजेक्ट परत आला.

एआय पुढचा शब्द अंदाजाने जोडत जातं. लेखकाचं नाव, साल, अंक, पान असा साचा त्याला पाठ असतो. तो लेख खरंच अस्तित्वात आहे का, हे ते आपणहून तपासेलच याची खात्री नाही. म्हणून माझ्याकडे प्रोजेक्ट करणाऱ्यांना मी पहिल्या दिवसापासून वही घालायला लावतो. संदर्भ कुठल्या ग्रंथालयात सापडला, दाखल क्रमांक काय, कुठलं पान वाचलं, आणि पहिल्या पानाचा फोटो. वहीत नाही ते यादीत नाही. विद्यार्थी कुरकुरतात, कुरकुरू देत. एका रात्रीत संदर्भसूची तयार करण्याची घाई मला मान्यच नाही.

'ह्युमनायझर', म्हणजे एआयचा मजकूर माणसाने लिहिल्यासारखा करून देणारं साधन, वापरून मजकूर फिरवून घेऊ नका. ती लपवाछपवी आहे, आणि वाक्यं वाचता येत नाहीत इतकी बिघडतात.

एका सरांनी परवानगी दिली म्हणून दुसऱ्या विषयाला ती लागू होत नाही. दरवेळी विचारा, शक्यतो ईमेलवर.

मुलाखतींची टिपणं नावागावासकट एआयमध्ये टाकू नका. लोकांनी माहिती तुम्हाला दिलेली असते.

आता शिक्षकांसाठी, कारण चुका आपल्याकडूनही होतात. विद्यार्थ्याचा निबंध चॅटजीपीटीत टाकून "हे तू लिहिलंस का?" असं विचारणारे सहकारी मी पाहिलेत. त्या उत्तराला काडीचाही आधार नसतो. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयने एआयचा मजकूर ओळखणारं स्वतःचं यंत्र अचूकता कमी म्हणून जुलै 2023 मध्ये बंद केलं. त्याच वर्षी स्टॅनफर्डच्या संशोधकांनी अशी सात यंत्रं तपासली, तेव्हा इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांनी लिहिलेल्या निबंधांपैकी सरासरी निम्म्याहून जास्त निबंध त्यांनी एआयचे ठरवले. मराठी माध्यमातून आलेली, साधी सरळ इंग्रजी वाक्यं लिहिणारी आपली मुलं डोळ्यांसमोर आणा. निव्वळ आकड्यावर त्यांना नापास करणं अन्याय आहे.

नियम लिहून न देणं ही तितकीच मोठी चूक. 2024 मध्ये हरियाणातल्या एका खासगी विद्यापीठाने कायद्याच्या विद्यार्थ्याला 88 टक्के मजकूर एआयचा म्हणून नापास केलं. तो पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालयात गेला. एआयवर बंदी घालणारा स्पष्ट नियम कुठे आहे, हा त्याचा एक मुद्दा होता. शेवटी विद्यापीठाने त्याला उत्तीर्ण केलं. मी असाइनमेंटच्या कागदावरच लिहितो: भाषा सुधारायला चालेल, मुद्दे शोधायला विचारून चालेल, उत्तर लिहून घ्यायला चालणार नाही. आणि शेवटी दहा मिनिटं तोंडी विचारतो. ज्याने स्वतः लिहिलंय तो अडखळत का होईना, बोलतो.

विद्यार्थ्यांनो, वापर केला असेल तर शेवटच्या पानावर सांगा: कुठलं साधन, कशासाठी, कुठल्या प्रकरणात. "भाषा तपासण्यासाठी वापर केला" एवढ्यावर थांबू नका; "प्रकरण तीनमधल्या इंग्रजी वाक्यांचं व्याकरण तपासलं, तक्ते आणि निष्कर्ष माझे" असं लिहा. कच्चे खर्डे पुसू नका. गूगल डॉक्समध्ये लिहिलं तर आधीच्या आवृत्त्या तारीखवार राहतात. नोटीस आलीच, तर घाबरून माफीनामा लिहून देऊ नका. कुठला नियम मोडला ते लेखी मागा, खर्डे आणि वही घेऊन जा, आणि तोंडी परीक्षा घ्या म्हणा.