अंग दुखले तरच व्यायाम झाला? या चुका टाळा

व्यायामाच्या दुसऱ्या दिवशी जिना उतरताना मांड्या ठणकल्या की मेहनत सार्थकी लागली असे मानणारे पुष्कळ असतात, आणि पुढच्या बहुतेक चुका याच समजुतीतून होतात. साधारणपणे १२ ते २४ तासांनी सुरू होणारे आणि २४ ते ७२ तासांत शिगेला पोचणारे हे दुखणे, स्नायूंना तो ताण किती अनोळखी होता एवढेच सांगते. डंबेल सावकाश खाली आणताना किंवा उतारावर धावताना स्नायू लांबत असतानाच भार पेलतो, आणि अशा हालचालींनी अंग अधिक आंबते. लॅक्टिक ॲसिडवर याचे खापर फोडणे चुकीचे आहे, कारण व्यायामात वाढलेले त्याचेच रूप, म्हणजे रक्तातील लॅक्टेट, तासाभरातच पूर्ववत होते.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे दुखणे थांबले म्हणून दर आठवड्याला व्यायामप्रकार बदलणे. तोच व्यायाम काही दिवसांनी पुन्हा केला की स्नायू त्याला सरावतात आणि कमी दुखतात. व्यायाम निष्प्रभ ठरल्याचे ते लक्षण नसते. खरी प्रगती व्यायामाच्या नोंदवहीत दिसते. ४० किलोच्या स्क्वॉटचे (वजन घेऊन मारलेल्या बैठकांचे) ८ रेप्स, म्हणजे सलग आवृत्त्या, जेमतेम निघत होते आणि महिन्याभराने त्याच वजनावर, गुडघे आत न वळता, १० निघू लागले, तर मांड्या दुखल्या की नाही हा प्रश्नच गौण ठरतो. (खांदे तर अनेकांचे फारसे दुखतच नाहीत, तरी त्यांची ताकद वाढते.)

नवा व्यायाम पहिल्या दिवशी एक-दोन सेट्सवर (सलग रेप्सच्या फेऱ्यांवर) थांबवावा. अंग फारच आंबले असेल तर चालणे किंवा हलके सायकलिंग करावे. स्ट्रेचिंगने मात्र हे दुखणे फारसे कमी होत नाही. बसता-उठताना त्रास होत असताना त्याच स्नायूंवर पुन्हा जड वजन चढवल्यास हालचालीची ढब बिघडते आणि भार भलत्याच सांध्यावर जातो.

व्यायाम करतानाच उठलेली तीव्र कळ, सांध्यातील किंवा एकाच बाजूची टोचणारी वेदना ही दुखापत असू शकते, त्यामुळे तेथेच थांबावे. अतोनात वेदनांसोबत स्नायूंना सूज आली, अशक्तपणा जाणवला किंवा लघवी गडद तपकिरी झाली, तर स्नायूंचे विघटन होऊन मूत्रपिंडांना धोका पोचण्याची शक्यता असते. अशा वेळी घरगुती उपाय करत न बसता तातडीने रुग्णालय गाठावे.