व्यायाम सुरू आहे, तरी साखर उतरत नाही? या चुका टाळा

रोज सकाळी नेमाने चालूनही एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर दाखवणारा आकडा) जागचा हलत नाही, असं मधुमेह असलेली बरीच मंडळी सांगतात. कंटाळून मग चालणंच सुटतं, आणि सगळ्यात मोठं नुकसान तिथेच होतं. व्यायामाचा उपयोग होतोच. तो कुठे वाया जातोय ते शोधायला हवं, आणि त्यासाठी स्नायूंत काय घडतं ते आधी समजून घ्यायला हवं.

रक्तातली साखर स्नायूपेशीत आपोआप शिरत नाही. तिला आत घेणारं ग्लुट-४ नावाचं प्रथिन एरवी पेशीच्या आतच असतं. इन्शुलिनचा निरोप आला की ते पेशीच्या आवरणावर येतं आणि साखरेला वाट मिळते. टाइप २ मधुमेहात हा निरोप नीट पोचत नाही. पण स्नायू आकुंचन पावू लागला, की हेच ग्लुट-४ इन्शुलिनची वाट न बघता आवरणावर येतं. हा दुसरा मार्ग टाइप २ मध्येही बहुतांशी शाबूत असतो! व्यायामाला पर्याय नाही असं डॉक्टर सांगतात, त्यामागे हे कारण आहे.

आठवड्याचा व्यायाम रविवारी उरकणं

व्यायाम थांबल्यावर स्नायू रिकामा झालेला ग्लायकोजेनचा, म्हणजे साठवलेल्या साखरेचा, साठा भरू लागतात आणि त्या काळात इन्शुलिनला जास्त चांगला प्रतिसाद देतात. हा फायदा साधारण २४ ते ४८ तास टिकतो, मग ओसरतो. म्हणून सलग दोन दिवसांपेक्षा जास्त खंड पडू देऊ नका. आठवड्याला निदान १५० मिनिटं भरभर चालणं व्हावं, पण ते विभागून.

सकाळी चाललो, आता दिवसभर बसायला मोकळे

साखर चढते ती जेवणानंतर, आणि नेमके तेव्हाच आपण सोफ्यावर असतो. न्यूझीलंडमध्ये टाइप २ मधुमेहींवर झालेल्या आणि २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, दिवसातून एकदा सलग ३० मिनिटं चालण्यापेक्षा तिन्ही जेवणांनंतर १०-१० मिनिटं चालल्यावर जेवणानंतरची साखर सरासरी १२ टक्के कमी आढळली. रात्रीच्या जेवणानंतर तर २२ टक्के. आपल्याकडे रात्रीचं जेवण उशिरा आणि भरपेट होतं, तेव्हा एकच वेळ जमणार असेल तर हीच निवडा. खाली उतरणं शक्य नसेल तर घरातल्या घरात फेऱ्या मारा.

फक्त चालणं, ताकदीचा व्यायाम नाही

ही चूक आपल्या लोकांना फार महागात पडते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचीच मोजमापं छापली. दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा) सारखाच, २२.३. पण शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिकांची २१.२ टक्के. म्हणजे दिसायला सडपातळ असलेल्या माणसातही स्नायू कमी आणि चरबी जास्त असू शकते. साखर रिचवणारी मुख्य जागा स्नायूच असल्याने, ते कमी तर साखरेला जागाही कमी. आठवड्यातून दोन-तीनदा बैठका, भिंतीला टेकून जोर, जमेल तेवढं वजन उचलणं असं काहीतरी करा. मांड्या आणि नितंबांचे स्नायू सर्वांत मोठे, म्हणून सुरुवात पायांपासून. गुडघे दुखत असतील तर खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणंही चालेल.

आकडा वाढलेला पाहून घाबरणं

जोरात धावल्यावर किंवा जड वजनं उचलल्यावर लगेच तपासलं तर साखर आधीपेक्षा जास्त दिसू शकते. अॅड्रेनॅलिन या संप्रेरकामुळे यकृत रक्तात साखर सोडतं, ती काही वेळाने उतरते. मात्र आधीच २५० च्या वर असेल आणि लघवीत कीटोन (इन्शुलिन कमी पडून चरबी जळताना तयार होणारे पदार्थ) असतील, तर त्या दिवशी व्यायाम नको, डॉक्टरांना कळवा.

साखर खाली जाण्याची तयारी न ठेवणं

व्यायामाने इन्शुलिनचा परिणाम वाढतो, हे आर. डी. लॉरेन्स या स्वतः मधुमेही असलेल्या ब्रिटिश डॉक्टरांनी १९२६ मध्येच मांडलं होतं. इन्शुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या घेणाऱ्यांनी हे गंभीरपणे घ्यावं. मांडीत इंजेक्शन घेऊन लगेच चालायला निघू नका, ते वेगाने भिनतं. खिशात ग्लुकोज पावडर ठेवा. घाम, थरथर, गोंधळल्यासारखं वाटलं तर थांबा, तपासा. ७० च्या खाली असेल तर तीन चमचे साखर पाण्यात घालून प्या आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासा. चॉकलेट किंवा लाडू इथे कामाचे नाहीत, त्यातल्या तुपा-चरबीने साखर रक्तात पोचायला उशीर होतो.

संध्याकाळी नेहमीपेक्षा जास्त व्यायाम झाला, तर साखर मध्यरात्रीनंतरही घसरू शकते. त्या दिवशी झोपण्यापूर्वी तपासणी कराच, आणि डोस कमी करायचा का हे डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा.