पुण्यात सायकल चोरीला जाऊ नये म्हणून काय काय करायचं

पुण्यात ज्यांची ज्यांची सायकल गेलीय त्यांना विचारून बघा कुठून गेली, बरेच जण सोसायटीच्या पार्किंगमधून, जिन्याखालून नाहीतर पोराच्या क्लासबाहेरून असंच सांगतील. मग विचारा लॉक होतं का, तर होतं की, चाकाला होतं! इथेच सगळं बिघडतं. चाक आणि फ्रेम एकमेकांना अडकवलं की सायकल फक्त चालवता येत नाही, उचलून न्यायला काय लागतं, बारा पंधरा किलोचं तर वजन, बाईकवर दोघं येतात, मागचा सायकल खांद्याला अडकवून बसतो आणि गेले, बघणाऱ्याला वाटतं पंक्चर काढायला चाललेत.

म्हणून एकच गोष्ट करणार असाल तर ही करा, सायकल कशाला तरी बांधा, आणि ते जे काही आहे ते भिंतीतून किंवा जमिनीतून निघणारं नको. जिन्याचा लोखंडी कठडा, खिडकीचं पक्कं ग्रिल, गेटचा गाडलेला खांब, असलं काहीतरी. बांधायच्या आधी ते हाताने हलवून बघा आणि सायकल वरून उचलून काढता येते का ते पण बघा, नो पार्किंगचे बोर्ड लावलेले पाइप कितीतरी ठिकाणी नुसते खड्ड्यात उभे असतात, पाइपासकट उपटलं की काम झालं. जाळीच्या कुंपणाला बांधू नका, ते पकडीने तुटतं. पीव्हीसीच्या ड्रेनेज पाइपला नको. आणि गॅसच्या पिवळ्या पाइपला तर अजिबात नको, कुणी हिसका मारला तर सायकल राहिली बाजूला पण अख्ख्या बिल्डिंगला धोका, तरी लोक बांधतात हो, मी बघतो.

पार्किंगमध्ये बांधायला काहीच नसेल तर कमिटीच्या मीटिंगमध्ये विषय काढा. जवळच्या फॅब्रिकेशनवाल्याकडून जाड एमएस म्हणजे साध्या लोखंडी पाइपची उलट्या यू सारखी कमान करून घ्यायची आणि काँक्रीटमध्ये गाडायची, एका कमानीला दोन्ही बाजूंनी दोन सायकली लागतात. भिंतीला हुक लावत असाल तर अँकर फास्टनरने, म्हणजे भिंतीत फुगून घट्ट बसणाऱ्या बोल्टने लावा आणि नट बाहेर राहत असेल तर त्यावर वेल्डिंगचा एक टिपका मारून घ्या, नाहीतर पान्याने दोन मिनिटात हुकच निघतो. चारचाकीच्या पार्किंगवर तासन्तास भांडणं होतात, मग सायकलसाठी एवढं मागायला काय हरकत आहे. आणि जे स्टँड फक्त पुढचं चाक अडकवायचे असतात, दुकानं, हॉस्पिटलं, सगळीकडे दिसतात, तिथे फ्रेमपर्यंत लॉक पोचत नाही, सायकल तिरकी लावावी लागली तरी चालेल पण फ्रेम स्टँडला अडकली पाहिजे.

आता लॉक. दीड दोनशे रुपयाची प्लास्टिक चढवलेली वायर असते ना, ती साध्या कटरने एका दाबात तुटते, तिच्यावर पंधरा वीस हजाराची सायकल सोडणं मला तरी पटत नाही. नंबरवालं लॉक असेल तर शेवटचा एकच आकडा फिरवून जायची सवय सोडा, चारही फिरवा. गोल नळीसारखी चावी असलेली स्वस्त लॉकं पण टाळा, २००४ साली क्रिप्टोनाइटसारख्या नावाजलेल्या कंपनीची असली लॉकं साध्या बॉलपेनच्या प्लास्टिक नळीने उघडतात हे जगासमोर आलं होतं, कंपनीला ती बदलून द्यावी लागली. चपट्या चावीचं यू लॉक, म्हणजे यू आकाराच्या जाड लोखंडी दांड्याचं लॉक घ्या, साधारण हजार दोन हजारात बरं मिळतं, आणि लहान आकाराचं घ्या, मोठं घेतलं की आत मोकळी जागा राहते आणि त्यात पहार घालून पिरगळता येतं. जाड साखळी घेतली तर ती जमिनीवर लोळू देऊ नका, फरशीवर ठेवून हातोडा मारला की तुटायला सोपी, वर ताणून बांधा. ग्राइंडर घेऊन आला तर कुठलंच लॉक कायम टिकत नाही हे खरं आहे, पण ग्राइंडरला आवाज होतो आणि ठिणग्या उडतात, सोसायटीत चोरी करायला येणारे बहुतेक जण बघतात की कुठली सायकल पटकन सुटते, ती तुमची नसली पाहिजे.

यू लॉक लहान असलं की सगळं त्यात बसत नाही, मग काय बांधायचं? शेल्डन ब्राऊन नावाचे एक अमेरिकन मेकॅनिक होते, सायकलवाल्यांमध्ये त्यांना फार मानतात, त्यांची पद्धत अशी की मागच्या चाकाच्या रिममधून लॉक घालून खांबाला अडकवायचं, पण ते सीटखालच्या त्रिकोणाच्या आतून. चाक त्या त्रिकोणातून मागे ओढून निघत नाही म्हणून फ्रेम पण आपोआप अडकते आणि महागाचं मागचं चाक पण वाचतं. पुढच्या चाकासाठी मग एक वायर चालेल, ती यू लॉकमध्येच ओवायची. पुढचं चाक आणि सीट लीव्हरने निघणारी असतील तर दुकानातून ॲलन की वाले, म्हणजे षटकोनी खड्ड्याचे स्क्रू बसवून घ्या. ॲलनच्या त्या खड्ड्यात एक छर्रा टाकून वरून मेण भरलं तर चोराला किल्ली घालताच येत नाही, तुम्हाला हवं तेव्हा मेण खरवडून छर्रा काढता येतो. सीटसाठी जुनी चेन फाटक्या ट्यूबमध्ये घालून सीटच्या सळया आणि फ्रेम एकत्र जोडून टाका, सायकलवाला फुकटात पण देईल जुनी चेन.

पावसाळ्यात लॉकचं भोक खाली तोंड करून लावा आणि महिन्यातून एकदा शिलाई मशीनचं तेल सोडा, चावी अडकली की माणूस वैतागून लॉक लावणंच सोडतो. आणि जून ते सप्टेंबर ज्यांची सायकल नुसती उभी असते त्यांनी ती घरात नाहीतर गॅलरीत घ्या, धूळ बसलेली, हवा गेलेली सायकल बघितली की कळतं याच्याकडे कुणी बघत नाहीये, ती गेली तरी महिनाभर मालकाला पत्ता लागत नाही.

आता जे काम आज संध्याकाळीच करायचं ते सांगतो. सायकल उलटी करा, पॅडल जिथे बसतात त्या जाड नळीच्या खाली नंबर ठोकलेला असतो, काही सायकलींना सीटच्या नळीवर नाहीतर हँडलखाली असतो. रंगाखाली दिसत नसेल तर खडू घासा, उमटतो. त्याचा फोटो, सायकलचा दोन्ही बाजूने फोटो, एखादा ओरखडा स्टिकर काही खूण असेल तर तिचा फोटो, आणि बिलाचा फोटो, सगळं स्वतःलाच मेल करून ठेवा. पोलीस एखादा चोर पकडतात आणि त्याच्याकडून ढिगाने सायकली मिळतात अशा बातम्या येतात ना पेपरात, तेव्हा ही आमचीच हे सांगायला लोकांकडे काही नसतं, निळी होती, गियरची होती, एवढंच. नंबर असेल तर वाद मिटला.

ट्रॅकर लावायचा तर ॲपलच्या एअरटॅगसारखा, फोनवर जागा दाखवणारा छोटा बिल्ला चालतो, सीटखाली नाहीतर रिफ्लेक्टरच्या मागे दडवा, फ्रेमच्या लोखंडी नळीत टाकलात तर सिग्नल अडतो. त्याची बटणासारखी बॅटरी साधारण वर्षभर जाते. फक्त तो आसपासच्या फोनच्या भरवशावर चालतो आणि चोराला पण काही वेळाने मोबाईलवर सूचना जाऊ शकते, म्हणून लोकेशन दिसलं की लगेच ११२ ला फोन करा, एकटे तिथे जाऊ नका, खरंच जाऊ नका.

गेलीच सायकल तर पहिल्यांदा सीसीटीव्ही. डीव्हीआरची, म्हणजे कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग साठवणाऱ्या डब्याची डिस्क भरली की जुनं पुसलं जातं, कुठे आठवड्यात कुठे पंधरा दिवसात, त्यामुळे त्याच दिवशी फुटेज पेनड्राइव्हवर घ्या, शेजारच्या दुकानदाराकडे पण विचारा, आणि डीव्हीआरचं घड्याळ खऱ्या वेळेच्या किती मागे पुढे आहे ते लिहून ठेवा, पोलिसांना दुसऱ्या कॅमेऱ्यांशी जुळवताना लागतं.

मग तक्रार. चोरी झालीय, तर ऑनलाइन वस्तू हरवल्याचा दाखला काढून गप्प बसू नका, तो चोरीच्या तक्रारीसाठी नसतोच. चोरीला आता भारतीय न्याय संहितेचं कलम ३०३ लागतं. वस्तू ५००० रुपयांच्या आतली असेल तर ती अदखलपात्र धरतात, म्हणजे नुसती एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) होते आणि कोर्टाच्या परवानगीशिवाय तपास होत नाही, म्हणून बिल घेऊन जा आणि किंमत नीट सांगा, सोबत बसवलेल्या लाइट, कॅरिअर, पंप यांची पण. एफआयआर झाली की तिची प्रत फुकट मिळते, तो तुमचा हक्क आहे. घ्यायलाच नकार दिला तर लेखी तक्रार रजिस्टर पोस्टाने वरिष्ठांकडे पाठवता येते, पुण्यात म्हणजे झोनच्या डीसीपींकडे (पोलीस उपायुक्तांकडे). दूधवाले, वॉचमन, घरकामाला जाणाऱ्या बायका, यांची सायकल चार हजाराची असते आणि त्यावर अख्खं काम चालतं, त्यांची गेली तर कुणीतरी सोबत ठाण्यात जा, एनसी का होईना पण नोंद करा, नोंदच नसेल तर सायकल सापडली तरी मुद्देमालात पडून राहते.

जुनी सायकल घेताना पण हेच लक्षात ठेवा. बिल नाही, नंबर खरवडलेला, भाव निम्म्याहून खाली, तर सोडून द्या. चोरीचा माल माहीत असून घेणं हा कलम ३१७ चा गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत शिक्षा. बिल नसलं पण माणूस ओळखीचा आहे तर निदान त्याच्या ओळखपत्राची झेरॉक्स आणि नंबर टाकून सहीची पावती घ्या. आणि विकताना कुणी म्हणालं एक राउंड मारून बघतो, तर त्याची गाडी तिथे उभी आहे का बघा, चावी आपल्याकडे घ्या, आणि गेटच्या आतच फिरवायला सांगा.